मामांना अठ्ठ्याऐंशी पानं

जुन्नरच्या बाजारपेठेतल्या आपल्या दुकानातून पुस्तकांचं कपाट काढायचं आणि त्या जागी बांगड्यांचा स्टँड लावायचा, हे सितारानं ठरवून टाकलं होतं. फक्त नौशादला ते पटायचं बाकी होतं. दुकान तसं स्टेशनरीचं. वह्या, लग्नपत्रिका, झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो यांवर घर चालायचं. नौशाद मात्र चालायचा त्या कपाटावर. विज्ञानकथा, जादूच्या राज्यांच्या कादंबऱ्या, सोप्या भाषेतली विज्ञानाची पुस्तकं, आणि तीही गेल्या दोन-तीन वर्षांत आलेली, असा सगळा ऐवज त्यात ठासून भरलेला होता. दुकानात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला तो त्यातलं काहीतरी सुचवायचाच. सातबाराची झेरॉक्स काढायला आलेल्या माणसाला तो मंगळावरच्या शेतीची कादंबरी काढून दाखवायचा. माणूस ती उलटीपालटी करून बघायचा, छान आहे म्हणायचा आणि झेरॉक्स घेऊन जायचा.

घरात दोघं दखनीत बोलत, पण दुकानातलं भांडण सितारा मुद्दाम मराठीत करायची. गिऱ्हाइकालाही कळलं पाहिजे, असं तिचं म्हणणं होतं.

"वीस वर्षं झाली, लोकांना सांगताय, हे वाचा न् ते वाचा," ती म्हणाली. "एक तरी माणूस परत येऊन म्हणला का, वाचलं म्हणून?"

नौशादनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. एक ग्रामसेवक परत आले होते खरे, पण ते पुस्तकात राहिलेलं आधारकार्ड न्यायला.

नेमके त्याच आठवड्यात पिंपळवंडीचे रखमाजी लेकीच्या लग्नाच्या पत्रिका न्यायला आले. बरोबर लेक अक्षदाही होती. पुण्यात कसल्याशा प्रयोगशाळेत नोकरी करणारी पोरगी, आणि तिनं घरात जाहीर केलं होतं की माझ्या लग्नात टॉवेल-टोप्यांचा मानपान होणार नाही. तिचंही काही चुकत नव्हतं. आपल्याकडे मानाचा टॉवेल अंग पुसायला नसतोच. तो घडी न मोडता कपाटात जातो, पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या खांद्यावर पडतो आणि असा जुन्नर-आंबेगाव फिरत राहतो. रखमाजींनी दिलेला एक टॉवेल तर चार वर्षांनी घोडेगावावरून त्यांच्याकडेच परत आला होता. हळदीच्या डागावरून त्यांनी तो ओळखला होता.

"टॉवेलाऐवजी पुस्तकं द्यायची म्हणती," रखमाजी जरा खालच्या आवाजात म्हणाले. "एक्केचाळीस मानकरी हायेत. नौशादभाई, तुमीच सांगा कुणाला काय द्यायचं त्ये."

वीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी नौशादला आपण होऊन विचारलं होतं. त्याला इतका आनंद झाला की तो आधी आत जाऊन पाणी पिऊन आला. मग यादी समोर ठेवून एकेका नावाची उलटतपासणी घ्यायला बसला. हे पाव्हणे जेवण झाल्यावर काय करतात? झोपतात. मग त्यांना झोपेत मेंदू काय उद्योग करतो ते सांगणारं पुस्तक. ह्यांचा धंदा काय? पोल्ट्री. मग त्यांना ती कादंबरी, जिच्यात अंतराळयानावर माणसं मरतात आणि कोंबड्या तेवढ्या उरतात. पोलीस पाटलांना उद्याची चोरी आज करणाऱ्या चोराची गोष्ट. रखमाजी मान डोलवत होते. आपले पाव्हणे इतके गहन असतील याची त्यांना कल्पना नव्हती.

नवरदेव सूरज घोडेगावचा, आणि त्याचे सख्खे मामा गेनभाऊ येडगावचे. त्यांच्याबद्दल विचारलं तेव्हा रखमाजी म्हणाले, "त्यांला बैलगाडा शर्यतीच्या सेकंदापुढं दुनियेत काय बी दिसत न्हाई."

नौशादचे डोळेच चमकले. कपाटाच्या वरच्या खणातून त्यानं एक बारकंसं पुस्तक अलगद काढलं. माणूस सेकंद मोजायला कधी आणि कसा शिकला याची ती हकीकत होती, पाण्याच्या घड्याळापासून अणूच्या घड्याळापर्यंत. पानं अवघी अठ्ठ्याऐंशी. नौशादनं ते सहा वेळा वाचलं होतं, आणि सगळ्या कपाटात त्याचा जीव कशावर असेल तर त्या पुस्तकावर. मानाच्या मामांना मानाचं पुस्तक, असा त्याचा साधा हिशोब होता.

मग आले नवरदेवाचे चुलते धोंडीभाऊ. एसटीतून निवृत्त, दिवसभर टीव्हीवर राजा-राणीच्या मालिका बघणारे. त्यांच्यासाठी नौशादनं 'मीठवाटेचं राज्य' काढलं. डोंगराखालचं राज्य, विष देऊन मारलेला राजा, परागंदा राणी, असा सगळा मसाला. पहिला भाग सहाशे चाळीस पानांचा, दुसरा सातशे बारा पानांचा, तिसरा दिवाळीत यायचा होता. नौशादच्या मनात दोन्ही द्यायचे होते, पण रखमाजींनी हात आडवा केला. प्रत्येकाला एकच. कुणाला एक आणि कुणाला दोन दिलं तर मांडवात भांडण होईल. पाव्हण्यांची नस आपल्याला कळते, असा त्यांचा समज होता.

नौशादनं सगळी पुस्तकं रंगीत कागदात बांधली आणि सवयीप्रमाणे यादी केली: नाव, पुस्तक, पानं. सितारा हे सगळं बघत होती.

"एक माणूस," ती म्हणाली. "एक्केचाळिसातला फक्त एक. त्यानं ह्या दुकानात येऊन, आपल्या तोंडानं म्हणायचं, वाचलं म्हणून. शाळा उघडायच्या आधीच्या रविवारपर्यंत मुदत. नाही आला, तर सोमवारी बांगड्या."

नौशादनं लगेच कबूल केलं. एक्केचाळीस माणसं आणि जवळजवळ महिनाभराचा अवधी. कपाट वाचल्यातच जमा होतं.

लग्न पिंपळवंडीजवळच्या एका लॉन्सवर होतं. मुहूर्त बारा पस्तीसचा, म्हणजे एक वाजेपर्यंत कुणालाच घाई नव्हती. तेवढ्यात मानपान उरकायचा म्हणून माइकवाल्यानं यादी हातात घेतली. बिचाऱ्याची सगळी हयात शाल, श्रीफळ, टॉवेल, टोपी एवढ्यावर गेलेली. पुस्तकाबद्दल काय बोलायचं ते त्याला सुचेना, म्हणून त्यानं यादीत होतं ते सगळंच वाचायला घेतलं. नाव, पुस्तक आणि पानं.

पहिल्या पाच-सहा जणांपर्यंत लोकांना गंमत वाटली. दहाव्या नावापर्यंत मांडवाला माप कळलं. सरपंचांना दोनशे दहा पानं आणि माजी सरपंचांना दोनशे चाळीस, हे काही बरं झालं नाही, अशी कुजबुज मागच्या खुर्च्यांतून सुरू झाली. माइकवाल्यालाही जोर चढला. तीनशेच्या वरच्या पुस्तकाला तो महाग्रंथ म्हणायला लागला आणि शंभराच्या आतल्याला पुस्तिका.

"नवरदेवाचे सख्खे मामा, येडगावचे नामवंत बैलगाडा मालक गेनभाऊ यांना पुस्तिका. अठ्ठ्याऐंशी पानं."

गेनभाऊ पांढरा फेटा सावरत स्टेजवर आले. पुडकं हातात पडताच त्यांनी ते तळहातावर दोनदा वरखाली केलं. पुढचंच नाव धोंडीभाऊंचं होतं. त्यांना महाग्रंथ, सहाशे चाळीस पानं. ते पुडकं घ्यायला धोंडीभाऊंना दोन्ही हात लागले, आणि घेताना त्यांनी एकदा गेनभाऊंकडे बघितलं. माइकवाल्यानं टाळ्या मागितल्या. टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्या तेव्हा गेनभाऊ मांडवात नव्हते. ते मागच्या बाजूला जनरेटरशेजारी खुर्ची टाकून बसले होते. भर उन्हात, कानठळ्या बसणाऱ्या जनरेटरशेजारी माणूस हौसेनं बसत नाही. मामा रुसले, ही बातमी पाच मिनिटांत आचाऱ्यापर्यंत गेली. आता आपल्याकडे नवरदेवाच्या पाठीशी मामा उभा राहिल्याशिवाय मंगलाष्टका सुरू होत नाहीत, हे गुरुजींना ठाऊक होतं. त्यांनी पोथी मिटली आणि सरबत मागवलं.

गेनभाऊंची बहीण प्रयागबाई, म्हणजे नवरदेवाची आई, पदर खोचून समजूत काढायला गेली. पुस्तकच आहे ते, त्यात काय एवढं, असं तिनं म्हणून पाहिलं.

"मला कुठं वाचायचंय त्ये," गेनभाऊ म्हणाले. "मला किती न् त्याला किती, त्ये बघ तू."

नौशाद पंगतीकडे निघाला होता, त्याला रखमाजींनी हाताला धरून जनरेटरपाशी आणला. आपलं पुस्तक रुसव्याचं कारण झालंय हे ऐकून त्याला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त त्याला वाटलं की ही संधी आहे. आत काय आहे ते कळलं तर मामा रुसतीलच कशाला?

"मामा, पुस्तक जाडीवर नसतं," तो जनरेटरवर आवाज चढवून म्हणाला. "एका सेकंदाचे शंभर तुकडे कसे पाडतात, त्यातला एखादा तुकडा चुकून इकडचा तिकडं झाला तर कसा सगळा निकाल फिरतो, ते सगळं आहे यात. मी खास तुमच्यासाठीच निवडलं."

प्रयागबाईनं डोळे मिटून घेतले. आसपासची घोडेगावची माणसं एकदम आपापल्या चपला बघायला लागली. रखमाजींना आणि नौशादला तेवढं माहीत नव्हतं, बाकी सगळ्यांना होतं. शर्यतींवर बंदी येण्याआधीच्या शेवटच्या यात्रेत शर्यतीच्या चढावर, म्हणजे घाटावर, गेनभाऊंच्या बैलांची बारी धावली होती आणि सेकंदाच्या दोन शंभरांशानं तिचा पहिला नंबर हुकला होता. घड्याळ धोंडीभाऊंच्या हातात होतं. त्यांनी बटण उशिरा दाबलं, असं गेनभाऊ म्हणत होते. मी एसटीत तीस वर्षं वेळ पाळली, असं धोंडीभाऊ म्हणत होते. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

"आलं ध्यानात," गेनभाऊ थंडपणे म्हणाले. "ह्ये पुस्तक कुणी सुचवलं त्ये बी आलं."

"मीच सुचवलं, मामा."

"तुमी नावाला. सुचवनारा तिकडं सहाशे चाळीस पानं मांडीवर घिऊन बसलाय."

रखमाजींचा चेहरा उतरला. पोरीच्या लग्नात पाव्हण्याला जुन्या हारीवरून टोमणा मारल्याचा आळ आता त्यांच्यावर होता, तोही छापील. त्यांनी नौशादला बाजूला घेऊन हात जोडले. काय करायचं ते करा, पण सहाशे चाळीसच्या वरचं काहीतरी आणा.

तसं एकच पुस्तक होतं, आणि ते नौशादच्या स्कूटरच्या डिकीत होतं. जेवणं झाल्यावर धोंडीभाऊंना गुपचूप द्यावं म्हणून त्यानं 'मीठवाटेचं राज्य'चा दुसरा भाग बांधून आणलाच होता. पहिला न वाचलेल्या माणसाला दुसरा भाग देणं म्हणजे नौशादच्या लेखी गुन्हा होता. पण समोर रखमाजींचे जोडलेले हात होते. तो स्कूटरकडे पळाला. माइकवाल्यानं प्रसंग ओळखून दुरुस्ती जाहीर केली, की यादीतल्या चुकीबद्दल दिलगीर आहोत, गेनभाऊंना महाग्रंथ, सातशे बारा पानं. गेनभाऊंनी बारकं पुडकं नौशादच्या हातात परत ठेवलं, जाडजूड घेतलं, तळहातावर तोललं आणि फेटा नीट करून खुर्चीवरून उठले.

ती खुर्ची दोन मिनिटंही रिकामी राहिली नाही. तिच्यावर धोंडीभाऊ येऊन बसले.

आता मात्र रखमाजी मटकन खालीच बसले. सव्वा वाजायला आला होता. शेवटी नवरीच्या खोलीतून अक्षदा स्वतः बाहेर आली. मुंडावळ्या बांधलेल्या, शालू घोट्याच्या वर धरलेला, आणि चेहऱ्यावर घोळ निस्तरायला निघालेल्या माणसाचा त्रासिक भाव. तिनं नौशादला दोनच प्रश्न विचारले आणि मग ती धोंडीभाऊंच्या कानाशी वाकली.

"काका, तुमच्याकडं पहिला भाग आहे," ती म्हणाली. "मामांना दुसरा दिलाय. पहिला मान तुमचाच. फक्त मामांना कळू देऊ नका, नाहीतर परत रुसतील."

धोंडीभाऊंनी ते मनात घोळवलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. गेनभाऊंना सातशे बारा पानं मिळाली, पण नंबर दुसराच आला, आणि तो त्यांना ठाऊकही नाही, यासारखं सुख अकरा वर्षांत त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. ते उठले आणि चक्क हसत मांडवात गेले. भागाचा आकडा पुस्तकावर कुठं छापलेला नव्हता, तरी मामांपाशी पहिल्या भागाचं नाव काढायचं नाही, अशी ताकीद अक्षदानं नौशादला दिली आणि ती पाटाकडे वळली. एक वाजून वीस मिनिटांनी अक्षता पडल्या.

त्या गडबडीत पुस्तकांची जी काही अब्रू जायची ती गेलीच. पुढच्या तीन लग्नांच्या पत्रिका नौशादकडे छापल्या, पण पुस्तकांचं नाव काढताच लोकांनी हात जोडले आणि मुकाट टॉवेल-टोपीवर गेले. रविवार जवळ येत चालला, तसा नौशाद यादीतल्या एकेकाला फोन लावायला लागला. पोलीस पाटलांनी पुस्तक शोकेसमध्ये ठेवलं होतं, कागदासकट. कागदाचा रंग शोकेसला शोभत होता. पोल्ट्रीवाल्यांनी चार पानं वाचून बंद केलं होतं, कारण त्यांना त्यात कोंबड्यांचं खाद्य चुकीचं लिहिलेलं सापडलं. झोपेचं पुस्तक घेतलेले पाव्हणे फोन लावला तेव्हा झोपले होते. खरा कडेलोट मंचरच्या एका लग्नात झाला. तिथं नौशाद पत्रिका छापणारा म्हणून मानकरी होता. त्याच्या हातात एक पुडकं ठेवण्यात आलं. कागद त्याचाच होता आणि त्यावर त्याच्याच अक्षरात माजी सरपंचांचं नाव होतं.

घरी आल्यावर त्यानं ते सिताराला दाखवलं. तिला हसू आवरेना. मग त्याचा चेहरा पाहून ती हसायची थांबली आणि म्हणाली, की टॉवेलासारखं पुस्तक फिरलं म्हणजे लोकांनी त्याला मान दिला असं समजा. त्यानं नौशादचं काही समाधान झालं नाही.

शाळा उघडायच्या आधीचा रविवार उजाडला. रविवार म्हणजे जुन्नरचा बाजार. रस्त्यात माणूस माणसाला लागत होता आणि दुकानात बांगड्यांची खोकी येऊन पडली होती. सितारानं स्टुलावर चढून कपाटाचा वरचा खण रिकामा करायला घेतला होता. नौशाद गल्ल्यावर पाठ फिरवून बसला होता. त्याला ते बघवत नव्हतं.

साडेदहाच्या सुमाराला गेनभाऊ आत आले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. इकडेतिकडे बघून त्यांनी ते गल्ल्यावर ठेवलं.

"ह्ये तुमचं पुस्तक," ते म्हणाले. "ह्याची सुरवातीची पानं गळाल्यात. एक बाई वल्लीचिंब दरीतनं वर चढती, इथनंच चालू. ती दरीत गेली कशी, काय पत्त्या न्हाई. म्हंजे सातशे बारा भरतच न्हाईत."

सिताराचा हात खणातच थांबला. नौशाद गल्ल्यावरून पुढे झुकला.

"मामा, तुम्ही वाचलंत?"

"छ्या. मी कशाला वाचतोय? बैलांला वैरन टाकताना सहज उघडलं."

"आणि मग?"

"मग शेवटापोतूर सहज उघडं ऱ्हायलं."

सितारानं नौशादकडे बघून मान हलवली. हे धरता येणार नव्हतं. आपल्या तोंडानं वाचलं म्हणायचं, असं ठरलं होतं. नौशादनं परोपरीनं विचारून पाहिलं, पण मांडवात ज्या पुस्तकावरून आपण उठून गेलो ते आपण वाचलं, हे गेनभाऊ कबूल करायला तयार नव्हते. पानं कशी गळाली तेवढं सांगा, एवढाच त्यांचा हेका. आणि ते सांगायची नौशादला अक्षदाची बंदी होती. तो कात्रीत सापडला होता, इतक्यात दारात धोंडीभाऊ उभे राहिले.

गेनभाऊंना बघून धोंडीभाऊ थबकले, पण परत फिरणं म्हणजे हार. ते आत आले. गेनभाऊ तोंड फिरवून कंपासपेट्या बघायला लागले.

"आमच्या सूनबाई इचारत व्हत्या," धोंडीभाऊ नौशादला म्हणाले. त्यांचा चेहरा ओढलेला होता, आणि गेनभाऊंसमोर दुसऱ्या भागाचं नाव काढायचं नव्हतं. "त्या मीठवाटेच्या राज्यात शेवटी रानी दरीत उडी टाकती. पुढं काय छापलेलंच न्हाई. मेली का वो ती? नव्या सूनबाई चार दिस जेवल्या न्हाईत नीट."

अक्षदा पंधरा दिवसांपासून पुण्यात नोकरीवर हजर होती, हे नौशादला ठाऊक होतं. पण शेवट सांगणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. तो काही बोलणार, एवढ्यात कंपासपेट्यांच्या बाजूनं आवाज आला.

"न्हाई मेली."

धोंडीभाऊ तसेच नौशादकडे बघत राहिले. "नौशादभाई, त्यांला इचारा, कशावरनं?"

"त्यांना सांगा, वर चढून आली. वल्लीचिंब. पर तिनं उडी मारलीच का, त्ये आधी सांगा म्हनावं."

धोंडीभाऊंना बसायला काही लागलं. बांगड्यांच्या खोक्यावर बसून त्यांनी आधी मोठा सुस्कारा सोडला, आणि मग नौशादच्या मध्यस्थीनं सगळी हकीकत सांगायला सुरुवात केली. राजाला कुणीतरी विष दिलं, आळ राणीवर आला, सगळं राज्य उलटलं. गेनभाऊ पाठमोरे राहूनच ऐकत होते, पण त्यांच्या हातातली कंपासपेटी उघडीच राहिली होती. आपल्या पुस्तकाची गळालेली पानं धोंडीभाऊच्या घरी आहेत, आणि ती थोडीथोडकी नाहीत, सहाशे चाळीस आहेत, हे त्यांच्या हळूहळू लक्षात येत होतं. आपल्याला दुसरा भाग मिळाला हेही त्यात आलंच. एरवी यावरून आणखी अकरा वर्षं गेली असती. पण गोष्ट रंगात आली होती, आणि रुसायचं तर पुढचं ऐकता आलं नसतं.

"साऱ्या दरबारात एकच मानूस तिच्या पाठीशी," धोंडीभाऊ सांगत होते. "त्यो प्रधान. देवमानूस बघा. वेळेचा पक्का, शब्दाचा पक्का. त्यानंच वाचवली असंल तिला."

"कसला देवमानूस," गेनभाऊ गर्रकन वळले. "राजाला इख त्यानंच दिलंय."

धोंडीभाऊंचा चेहरा पडत गेला. त्या प्रधानात त्यांनी सहाशे चाळीस पानं स्वतःला बघितलं होतं.

"अकरा वर्सं तोंड उघडलं न्हाईस," ते थेट गेनभाऊंना म्हणाले, "आन उघडलंस त्ये ह्ये सांगाया?"

गेनभाऊ ओशाळले. आपण धोंडीभाऊशी बोललो, हे त्यांना आत्ता कळलं. ते पुटपुटले, की चारशे तिसऱ्या पानावर तसंच आहे, त्यात त्यांचा दोष नाही. पाहिल्याशिवाय माझा विश्वास नाही, असं धोंडीभाऊ म्हणाले. मग येडगावला या, असं गेनभाऊ म्हणाले, म्हशी वाढवल्यात, चहा बरा असतो. पुस्तक मात्र घराबाहेर देणार नाही.

सितारा खाली उतरून गल्ल्यापाशी आली. ठरलं ते ठरलं, असा तिचा स्वभाव.

"म्हणजे पुस्तक वाचलं म्हणायचं ना, तुम्ही दोघांनी?"

"आमी? न्हाई," दोघं एकदमच म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

"मग हरलात तुम्ही," सितारा नौशादला म्हणाली, पण तिच्या आवाजात म्हणावा तसा जोर नव्हता. नौशादनं मान डोलवली. तो उठला आणि दुसऱ्या खणातली पुस्तकं स्वतःच खाली काढायला लागला. एकेक पुस्तक हातात घेऊन तो त्यावरची धूळ पुसत होता आणि ते बांगड्यांच्या रिकाम्या खोक्यात ठेवत होता. त्याला गिऱ्हाइकांसमोर डोळे पुसायचे नव्हते, म्हणून तो पुस्तकं पुसत होता.

हे काय चाललंय, असं गेनभाऊंनी विचारलं. सितारानं पैज सांगितली. उद्यापासून इथं बांगड्या.

"आन तिसरा भाग?" धोंडीभाऊंनी विचारलं.

"दिवाळीत येतोय," नौशाद त्यांच्याकडे न बघता म्हणाला. "पण आता मी नाही मागवणार. कपाटच नाही तर ठेवू कुठं?"

गेनभाऊंनी धोंडीभाऊंकडे बघितलं. धोंडीभाऊंनी छताकडे बघितलं. पहिलं कुणी बोलायचं, हा प्रश्न होता. गेनभाऊ दारापर्यंत गेले, बाजारात येडगावचं कुणी दिसतंय का ते वाकून बघून आले आणि त्यांनी घसा खाकरला.

"वाचलं," ते म्हणाले.

"काय म्हणलात, मामा?" सितारानं विचारलं. तिला ऐकू आलं होतं, पण तिला ते पूर्ण वाक्यात हवं होतं.

"वाचलं म्हनलं ना. सातशे बारा पानं. दोनदा वाचलं. बैल उपाशी ऱ्हायले त्या दिशी."

"मी बी वाचलं," धोंडीभाऊ लगेच म्हणाले. "एकदाच वाचलं, पर समजून वाचलं."

नौशाद हातातलं पुस्तक तसंच धरून उभा राहिला. वीस वर्षं ज्या शब्दाची वाट बघितली तो शब्द एकाच सकाळी दोन तोंडांतून आला होता. सितारानं त्याच्या हातातलं पुस्तक घेतलं, पुसलं आणि परत वरच्या खणात ठेवलं. मग दुसरं ठेवलं, मग तिसरं. बांगड्या दाराला टांगता येतील, असं ती कुणाकडे न बघता म्हणाली. खण भरून झाल्यावर तिनं गल्ल्यावरची मागणीची वही पुढे ओढली आणि पेनाचं टोपण काढलं.

"तिसऱ्या भागाच्या दोन प्रती," ती लिहीत म्हणाली. नौशादच्या लक्षात आलं की ती आता काय विचारणार आहे. तो तिला थांबवायला धावला, पण खोक्यात अडखळला.

"यादीत पहिलं नाव कुणाचं घालू?" सितारानं विचारलं.